फळीवरच्या दोन रेघा

मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या लाकडावर माशी बसली तर घसरून पडेल, असं लोक म्हणायचे. मिस्त्री त्यावर मिशीतल्या मिशीत हसत. चाळीस वर्षं त्यांनी दारं, टेबलं, कपाटं, पलंग केले, आणि पॉलिशचे चार हात दिल्याशिवाय एकही काम दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. शेवटचा हात वाळला की ते लाकडावरून हाताची मागची बाजू फिरवायचे. तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो मालकाला खूश करायला खोटं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मागची बाजू जराशी जरी अडली तरी पुन्हा पॉलिश पेपर. मग गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबललं तरी बेहत्तर.

अशा माणसाशी संसार करणं खायचं काम नाही. त्यांच्या बायकोने तो अडतीस वर्षं केला, आणि नवऱ्याशी न बोलता आलेलं सगळं मागच्या अंगणातल्या कोंबड्यांना सांगितलं. सहा होत्या. काळी, ढवळी, तांबडी, मानेवर पीस नसलेली बोडकी, सगळ्यांना टोचत फिरणारी म्हणून सासूबाई, आणि पिल्लू असताना दारात पाय चिमटलेली लंगडी. संध्याकाळी दाणे टाकायला गेली की तिचा आवाज अर्धा तास ऐकू येई. कोंबड्या तिचं ऐकून घेत. मिस्त्री दुकानात रंधा मारत असत.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर मिळाला, आणि घरी सोडताना दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने मिस्त्रींना बाजूला घेऊन बजावलं.

"सहा आठवडे महत्त्वाचे आहेत, काका. या दिवसांत चालल्या तर चालतील. उचलून इकडे-तिकडे नेऊ नका. त्यांचा पाय त्यांनाच टाकू द्या."

मिस्त्रींनी हे डोक्यात पक्कं ठोकून घेतलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून अंगणात उतरायला तीन पायऱ्या होत्या. वॉकर पायऱ्या उतरणार नाही, म्हणून त्यांनी पायऱ्यांवर टाकायला उताराची फळी करायला घेतली. दुकानातला सगळ्यात चांगला साग काढला. दोन फळ्या जोडल्या, तर सांधा डोळ्यांना दिसेना. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. आणि मग पॉलिशचे चार हात. बायकोसाठी करत होते, तिथे कसूर कशी चालेल? त्या सहा आठवड्यांतले नऊ दिवस पॉलिश वाळण्यात गेले. बायको स्वयंपाकघरात वॉकर धरून ओट्यापासून दारापर्यंत चालायची आणि विचारायची, "झालं का हो?"

"होतंय. घाईत केलेलं काम दिसतं."

दहाव्या दिवशी ते खाली, फळीच्या टोकाशी उभे राहिले. तिने वॉकरचे पुढचे दोन पाय फळीवर टेकवले, एक पाऊल टाकलं, आणि तिचा चेहरा बदलला. वॉकर जरासा पुढे गेला, चीं असा आवाज झाला. तिने दाराची चौकट पकडली आणि मागे झाली.

"सरकतंय हो."

"काय सरकतंय? आठ फुटांचा उतार आहे, पोरंसोरं धावत उतरतील. पाय टाक, काही होत नाही. घाबरतेस कशाला?"

"नाही, खरंच सरकतंय."

चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं कुणी, तर घरच्याच माणसाने. मिस्त्रींचं डोकं फिरलं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना फळीवर दोन काळ्या रेघा दिसल्या, वॉकरच्या रबराच्या. नव्या कोऱ्या पॉलिशवर! त्यांनी टर्पेंटाइनचं फडकं घेऊन रेघा पुसल्या आणि वरून आणखी एक हात दिला. पाचवा.

तिने पुन्हा त्या फळीवर पाय ठेवला नाही. आधी दारापर्यंत यायची, मग तेही थांबलं. "एकदा कोंबड्या बघायच्यात," असं ती म्हणे, आणि मिस्त्री म्हणत, "दार उघडं आहे, फळी आहे, चल." लेक ऑपरेशनपासून सुट्टी काढून आलेली होती, ती म्हणाली, "बाबा, आपण दोघं उचलून नेऊ. खुर्चीवर बसवून." मिस्त्रींनी तिला दवाखान्यातलं वाक्य ऐकवलं आणि वर स्वतःचं जोडलं, "उचलायची सवय लावली की संपलं. मग जन्मभर उचला." तेव्हा लेकीने लंगडीला पदराखाली झाकून आत आणली आणि आईच्या मांडीवर ठेवली. ती दुपार तेवढी बरी गेली. संध्याकाळी चादरीवर घाण सापडली आणि मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं.

मग पडून पडून पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. चौथ्या महिन्यात ती गेली. जाण्याच्या दोन दिवस आधी, श्वास मोजून मोजून घेत असताना तिने मिस्त्रींचा हात धरला होता. "माझ्या कोंबड्या जगवा. कुणाच्या ताटात जाऊ देऊ नका." मिस्त्रींनी हो म्हटलं. दिलेला शब्द मोडणाऱ्यातले ते नव्हतेच.

सगळं उरकल्यावर लेक बॅग भरता भरता म्हणाली, "एकदा उचलून नेलं असतं तरी चाललं असतं, बाबा."

"तिने पायच टाकला नाही. हट्टीपणाने गेली तुझी आई."

लेकीने बॅगची चेन लावली आणि ती गेली. तेव्हापासून दर रविवारी फोन येई. जेवलात का, हो, औषध घेतलं का, हो, ठेवते. मिस्त्रींना वाटे, पोरगी आईवर गेली आहे. तोच हट्ट.

*

जुनं खुराडं जमिनीलगत होतं आणि त्याच्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या. पलीकडच्या मोकळ्या जागेतून एक दांडगा बोका यायचा. एका सकाळी काळीची नुसती पिसं सापडली. मिस्त्री त्या पिसांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. शब्द दिलेला होता, आणि महिना नाही झाला तोच सहाच्या पाच झाल्या होत्या.

त्यांनी कंबर कसली. कमरेइतक्या उंच चार पायांवर नवं खुराडं उभं केलं. पायांना पत्रा ठोकला, म्हणजे बोक्याला चढता येऊ नये. दाराला आतून जाळी, बाहेरून कडी. वर चढायला फळी हवी होती, आणि मागच्या दारातली ती फळी आता नुसती पायात येत होती. मिस्त्रींनी ती करवतीने उभी कापून निम्म्या रुंदीची केली आणि खुराड्याच्या दाराला टेकवली. पॉलिशची बाजू वर. चांगली बाजू खाली ठेवायची म्हणजे लाकडाचा अपमान. संध्याकाळी कोंबड्या फळीने वर जातील, मागून ते फळी काढून दार लावतील. बोका बसेल खाली मिशा चाटत.

जुनं खुराडं त्यांनी त्याच दिवशी मोडून टाकलं. हे जरा थांबून केलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी फळीवर खालपासून वरपर्यंत मक्याच्या दाण्यांची ओळ टाकली. निम्मे दाणे आपोआप घरंगळून खाली आले. कोंबड्यांनी ते खाल्ले, मान लांब करून पोचतील तेवढे वरचे टिपले, आणि अंधार पडायला लागला तशा नव्या खुराड्याच्या खाली, जुन्या जागेवर जाऊन एकमेकींना चिकटून बसल्या.

शेजारचे कंडक्टर कुंपणावर कोपर टेकून चहा पीत होते. बसमधून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तोंड मात्र अजून नोकरीत होतं.

"पुढे चला, पुढे चला! दारात उभं राहू नका, आत जागा आहे!" ते कोंबड्यांवर ओरडले. मग मिस्त्रींना म्हणाले, "अहो, उचलून ठेवा की आत. पाचच तर आहेत."

"उचलायची सवय लावली की संपलं," मिस्त्री म्हणाले. "मग जन्मभर उचला."

हे वाक्य आपण आधी कुठे वापरलं होतं, ते त्यांना आठवलं नाही.

तिसऱ्या सकाळी ढवळी नव्हती.

मिस्त्रींनी मग दाण्यांची वाटी वर दारात ठेवली आणि दुपारचे दाणे बंद केले. भूक लागली की सगळे शिकतात, असा त्यांचा अनुभव, दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांचा. कोंबड्या दुपारभर फळीच्या पायथ्याशी घोटाळल्या. सासूबाई दोन पावलं चढली, तिच्या नख्या पॉलिशवर कर्रर्र वाजल्या आणि ती शेपटीवर बसून खाली आली. तिने रागाने बोडकीला टोचलं. मिस्त्रींनी तिला धरून फळीच्या मध्यावर ठेवलं. ती पंख फडफडवत पुन्हा खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. पालथ्या घड्यावर पाणी!

"मूर्ख जात," मिस्त्री म्हणाले. "पायाखाली एवढी फळी दिलीय, आणि नखरे बघा."

"मिस्त्री, ऐका माझं," कंडक्टर म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आज उचलून ठेवा. शिकवायचं ते उद्या शिकवा. तो बोका रोज येतोय, मी बघितलाय."

"तुम्ही फळीच्या बाजूने आहात की बोक्याच्या?"

कंडक्टरांनी उरलेला चहा गवतात ओतला आणि ते आत गेले. सकाळी बोडकी आणि सासूबाई दोघी गेलेल्या होत्या. सासूबाईने लढाई दिली असावी, कारण पिसं पार कुंपणापर्यंत पसरली होती. मिस्त्रींनी ती एकेक करून वेचली, पिशवीत भरली, आणि पिशवी कुठे ठेवायची ते न कळून हातात धरून पायरीवर बसून राहिले. बायको असती तर काय म्हणाली असती, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना तिचाच राग आला. शब्द घेऊन मोकळी झाली, आणि कोंबड्याही स्वतःसारख्याच हट्टी करून गेली.

तांबडी आणि लंगडी, दोन राहिल्या होत्या.

*

त्या संध्याकाळी मिस्त्री स्टूल घेऊन फळीसमोर बसले. आज ह्या वर गेल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच बसले. ऊन उतरलं होतं आणि कुंपणाच्या फटीतून सरळ फळीवर आडवं पडलं होतं. तांबडी लांब उभी होती. लंगडी मात्र भुकेने पुढे आली. तिने चांगला पाय फळीवर ठेवला, मग लंगडा. तिचं अंग पुढे झुकलं, नख्या वाजल्या, आणि दोन्ही पाय मागे सरकत सरकत ती पुन्हा मातीत आली. थांबली. पुन्हा चढली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तिने फक्त एक पाय ठेवला, जरासा भार दिला, आणि काढून घेतला.

"पाय टाक," मिस्त्री म्हणाले. "काही होत नाही. घाबरतेस कशाला?"

आपला आवाज त्यांच्या कानावर पडला. अगदी तोच आवाज, तेच शब्द. फक्त समोर कोंबडी होती, आणि कोंबडीला उलटून काही बोलता येत नव्हतं.

ते उठले आणि फळीवर वाकले. सवयीने हाताची मागची बाजू वरून खाली फिरवली. कुठेही अडली नाही. चाळीस वर्षांत इतकं सुरेख पॉलिश साधलं नव्हतं. आणि आडव्या उन्हात त्यांना त्या पॉलिशच्या आत, पाचव्या हाताखाली, एक मंद रेघ दिसली. रबराचा काळा रंग त्यांनी पुसला होता, पण खालच्या पॉलिशवर पडलेला ओरखडा तसाच राहिला होता. रेघ कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढी लांब होती. दुसरी रेघ कापलेल्या अर्ध्या भागावर असणार, तो भाग दुकानात भिंतीला टेकवून ठेवला होता. मिस्त्री दुकानात गेले, तो घेऊन आले, दोन्ही तुकडे अंगणात शेजारी शेजारी ठेवले. दोन रेघा. एकमेकींना समांतर, सारख्या लांबीच्या.

टेकवलेल्या वॉकरचा ठिपका उमटतो, रेघ उमटत नाही. हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. पण मिस्त्रीला तर ते त्याच दिवशी कळायला हवं होतं. लाकडावरचा ओरखडा बघून कपाट कुणी कुठून ओढलं ते सांगणारा माणूस. त्यांनी त्या रेघा बघितल्या होत्या, बोटाने चाचपल्या होत्या, आणि त्यांना फक्त एवढंच दिसलं होतं, की काम खराब झालं.

त्यांनी तुकडा पुन्हा खुराड्याला टेकवला, चप्पल काढली, आणि उजवा पाय फळीवर ठेवून अंगाचा भार दिला. पाय सर्रकन खाली आला. ते गुडघ्यावर पडले, हात मातीत रुतले. लंगडी पंख फडफडवत बाजूला झाली. ते तसेच काही वेळ हातागुडघ्यांवर राहिले. गुडघा सोलवटला होता. त्यांचे दोन्ही खुबे शाबूत होते, दोन्ही पायांत ताकद होती, आणि तरी ते पडले होते. तिच्या खुब्यात खिळा घातलेला होता, आणि तरी ती एक पाऊल टाकून बघायला तयार झाली होती.

मग ते उठले. दुकानाच्या कोपऱ्यात जळाऊ म्हणून टाकलेल्या खडबडीत पट्ट्या होत्या, रंधाही न लागलेल्या. त्यांनी अकरा पट्ट्या कापल्या. पॉलिश पेपर हातात घेतला नाही. वीतभर अंतरावर आडव्या एकेक ठोकत गेले. त्या पॉलिशमध्ये पहिला खिळा घुसला तेव्हा ते तडकलं, बारीक बारीक चिरा गेल्या, आणि त्यांचा हात थांबला नाही. अर्धा तास लागला. सगळं मिळून अर्धा तास.

लंगडी आधी चढली. पहिल्या पट्टीवर पाय, दुसऱ्या पट्टीवर पाय, मध्ये थांबून एक दाणा टिपला, आणि वर जाऊन दारात उभी राहिली. तिच्यामागून तांबडी, जणू रोजचीच वाट. कुणाला शिकवावं लागलं नाही. कुणाला उचलावं लागलं नाही. नाचणारीला नाचता येत होतं, अंगणच वाकडं होतं, आणि ते मिस्त्रींनी पाच हात देऊन वाकडं केलं होतं.

कुंपणापलीकडून कंडक्टर ओरडले, "वा! डबल बेल!" मिस्त्रींनी तिकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघून कंडक्टर आत निघून गेले.

हे कुणालाच कळणार नव्हतं. लेकीने रेघा बघितल्या नव्हत्या. व्यायामवाल्या बाईने फळी बघितली नव्हती. बघितलेला एकच माणूस होता आणि त्याने पुसून टाकल्या होत्या. मिस्त्री स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभे राहून त्यांनी फोन लावला.

"काय झालं?" लेकीने पहिल्या घंटेलाच उचलला. "आज रविवार नाही. बरे आहात ना?"

"बरा आहे." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझी आई हट्टी नव्हती. फळी सरकत होती."

पलीकडे कुठे तरी तिच्या घरातला नळ वाहत होता. तो बंद झाला.

"कधी कळलं?"

"आत्ता. कोंबड्या चढेनात. पाय ठेवायच्या आणि खाली यायच्या. मी पण पाय ठेवून बघितला. वॉकर घसरल्याच्या रेघा होत्या फळीवर, तेव्हा मी पुसून टाकल्या."

"आई तुमच्यासमोर म्हणाली होती, बाबा. सरकतंय म्हणाली होती."

"हो."

"दोनदा म्हणाली होती. मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू आलं होतं."

"हो."

"तिचं नाही ऐकलंत," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ओलाही झाला नाही. "कोंबड्यांचं ऐकलंत."

मिस्त्री ओट्याला धरून उभे राहिले. इथूनच ती वॉकर धरून दारापर्यंत जायची आणि विचारायची, झालं का हो. नऊ दिवस.

मग लेकीने विचारलं, "किती राहिल्या?"

"दोन. लंगडी आणि तांबडी."

"आणि फळी?"

"पट्ट्या मारल्या. खडबडीत. आता जातात वर."

"त्या रेघा दिसतात अजून?"

"एक दिसते, पट्ट्यांच्या मधून. दुसरी दुसऱ्या तुकड्यावर आहे."

"पुसू नका," ती म्हणाली. "रविवारी येते मी. मला बघायच्यात." आणि तिने फोन ठेवला.

मिस्त्री मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरून अंगणात गेले. फळी बाजूला काढून भिंतीला टेकवली, खुराड्याचं दार लावलं, कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही हे दोनदा ओढून बघितलं. आत दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अंगण दोन कोंबड्यांना फार मोठं झालं होतं.